मावशीशी बोलू या: ‘आनंद करा’ म्हणतात, पण कसा?

या महिन्यात दोनच पत्रं घेतली आहेत. दुसरं पत्र ज्या दिवशी हातात पडलं, त्याच संध्याकाळी मी त्या ताईला फोन केला. त्यातलं एक वाक्य महिनाभर छापखान्याची वाट पाहण्यासारखं नव्हतं. आता तिच्याच परवानगीने, गाव-नाव गाळून, पत्र इथे देते आहे. तिचं म्हणणं, “मावशी, छापा. माझ्यासारख्या पुष्कळ असतील.”

मावशी, जय ख्रिस्त. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात आम्ही मित्र तीन दिवसांच्या युवा शिबिराला गेलो होतो. शेवटच्या रात्री स्तुती चालू असताना मी खूप रडलो, मग खूप हसलो. वाटलं, आता आयुष्यभर असंच राहणार. घरी आलो आणि आठ दिवसांत सगळं उतरलं. आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, वीस-पंचवीस माणसं. पेटीचे चार सूर वाजत नाहीत, आजी जुनी भजनं लांबवून-लांबवून म्हणते. मला आता तिथे बसवत नाही. शिबिरातला माझा आनंद खोटा होता का? की आमच्या मंडळीत काही कमी आहे? — एक युवक, दर्यापूर तालुका

खोटा नव्हता बाळा. घरात लग्न असलं की चार दिवस मांडव असतो, दिवे असतात, दारात पाहुणे मावत नाहीत. मग मांडव उतरतो. म्हणून काय लग्न खोटं होतं का?

येशूचा शिष्य पेत्र, त्यालाही हेच वाटलं होतं. डोंगरावर येशूचं रूप सूर्यासारखं तेजस्वी झालेलं त्याने पाहिलं आणि म्हणाला, प्रभू, आपण इथेच राहू, मी तीन मंडप करतो. त्यालाही मांडव उतरवायचा नव्हता. पण येशू त्यांना घेऊन खाली उतरला. खाली काय होतं? फेपरं येणारा एक मुलगा आणि त्याचा रडकुंडीला आलेला बाप. डोंगरावर दिसलेला येशू तोच, त्या बापापुढे उभा असलेलाही तोच. तू शिबिरात त्याला पाहिलंस. आता दर्यापूरकडच्या आपल्या वीस माणसांत पाहा.

आजीच्या भजनांबद्दल एक गोष्ट सांगते. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असताना डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून 1900 साली ख्रिस्ताकडे आल्या, आणि मधली वर्षं त्या घराने किती सोसलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. टिळक ख्रिस्ताकडे आले ते तुकोबांचे अभंग ओठांवर घेऊनच आले. ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग लिहिले. आपल्या गीतांच्या पुस्तकात त्यांची कितीतरी पदं आहेत. तुझी आजी जे लांबवून म्हणते त्यातलं निम्मं त्यांचंच असेल. तिला एकदा विचार, हे भजन तू कुणाकडून शिकलीस आणि कधी म्हणालीस. माझ्या आजीला मी हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, “हे? हे तुह्या मामाच्या मातीच्या वेळेस म्हटलं होतं.” त्यानंतर ते भजन मला कधी लांबलेलं वाटलं नाही.

आणि ते चार सूर. पेटी अमरावतीला घेऊन जा. दुरुस्तीचा खर्च विचार, मंडळीत सांग, नाही जमले तर मला लिही. तू विज्ञानाचा विद्यार्थी आहेस, दुरुस्ती करणाऱ्याजवळ बसून शिकून घे. पुढच्या वेळी तूच करशील.

मावशी, सप्रेम जय ख्रिस्त. माझं वय 34. आम्ही दोघांनी सहा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. पहिली दोन वर्षं मी वावरात निंदताना गाणं म्हणायची, बाकीच्या बाया म्हणायच्या, हिला काय सापडलं बाप्पा! आमची चार एकर कोरडवाहू आहे. या साली सोयाबीन काढणीला आलं आणि पाणी आलं. हमीभाव मिळालाच नाही, आमच्या हाती क्विंटलला 3900 पडले. सोसायटीचं कर्ज आहे, बचत गटाचा हप्ता आहे.

दिवाळीपासून हे बोलत नाहीत. सभेला येत नाहीत. रात्री उठून गोठ्यात बसतात. परवा म्हणाले, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं.

मी प्रार्थनासभेत रडले तर एक मोठी बहीण म्हणाली, विश्वासी माणसाने रडू नये, शास्त्र आनंद करा म्हणतं, तुझ्यात कुठं तरी पाप लपलं असेल ते शोध. तेव्हापासून मी सभेत हसू आणून बसते. घरी आल्यावर चुलीपुढे रडते, म्हणजे धुराचं निमित्त होतं. मावशी, टिकणारा आनंद म्हणतात तो खरंच असतो का? असला तर माझा कुणी नेला? — एक बहीण, वाशिम जिल्हा

पोरी, आधी नवऱ्याचं. हे आपलं फोनवर बोलणं झालंच आहे, पण बाकीच्यांसाठी पुन्हा लिहिते.

मी 36 वर्षं उपकेंद्रात नर्सबाई होते. “मी नसतो तर बरं झालं असतं” हे वाक्य मी ओसरीवर, खाटेवर, बांधावर, पुष्कळ ठिकाणी ऐकलं आहे. पहिली काही वर्षं मी ते कंटाळ्याचं बोलणं समजून सोडून दिलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. माणूस दोन आठवड्यांहून जास्त गप्प राहतो, झोपत नाही, जेवत नाही, ज्या बैलांच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नव्हता त्यांच्याकडे पाहत नाही, तर तो आजारी आहे. तापासारखाच आजार आहे, आणि त्यावर औषध आहे. त्याला सरळ विचारायचं: “जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट आत कोंडलेलं बाहेर येतं. फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी, कुलपात. त्याला एकटं सोडायचं नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर भेटतात. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्री-बेरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि मंडळीतल्या ज्या कोणाला वाटतं की दवाखान्यात नेणं म्हणजे विश्वास कमी, त्यांनी बायबलातली एलीयाची गोष्ट पुन्हा वाचावी.

एलीया हा काही लहान संदेष्टा नव्हे. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहून तो आला होता. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत रानातल्या एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देव त्याला रागावला नाही, ‘तुझा विश्वास कुठे गेला’ असं विचारलंही नाही. दूत आला, त्याने हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, जेव. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, आपल्या पानग्यासारखी, आणि पाण्याचा चंबू. तो जेवला, परत झोपला. दूत परत आला, परत जेवायला घातलं. जेवण, झोप, पुन्हा जेवण, आणि मग पुढचं बोलणं. देवाने हा क्रम ठेवला तर आपण का मोडायचा?

तुझ्या दिराने आणि पाळकसाहेबांनी त्याला डॉक्टरकडे नेलं, हे ऐकून मी त्या रात्री नीट झोपले. गोळ्या सुरू झाल्या आहेत. त्यांचा गुण दिसायला दोन-चार आठवडे लागतात. मध्येच बंद करू देऊ नको.

आता तुझं.

त्या मोठ्या बहिणीने जे वचन तुझ्यावर उगारलं, ते बायबलातल्या, प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. पत्र अवघं चार अध्यायांचं, आणि पानोपानी आनंद. पण ते सबंध वाच, संध्याकाळी अर्ध्या तासात होतं. लिहिणारा बेड्यांत आहे. दुसऱ्या अध्यायात तो आपल्या सोबत्याबद्दल, एपफ्रदीताबद्दल लिहितो: तो मरणाच्या दारात होता, देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाही तर मला दुःखावर दुःख झालं असतं. तिसऱ्या अध्यायात म्हणतो, हे मी तुम्हाला रडत-रडत सांगतो आहे. बघ, ‘आनंद करा’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत त्याच पत्रात पाणी आहे. मग त्याच पत्रातलं एक वाक्य काढून कोणी तुला रडू नको कसं सांगतं? याच पौलाने रोमकरांना लिहिलं की रडणाऱ्यांबरोबर रडा. त्या बहिणीने तुझ्याजवळ बसून तेवढं केलं असतं तर शास्त्र पाळलं गेलं असतं. तिच्यावर राग धरू नको. तिलाही कधी तरी कोणी असंच गप्प केलं असणार. पण तिचं ऐकूही नको.

आणि चुलीच्या धुराआड लपून रडायचं तर बिलकुल नाही. स्तोत्रसंहिता उघड. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे, आणि पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा देवाला विचारतो, कोठवर? कोठवर? अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. ही देवाच्या घरची गाणी आहेत, मंदिरात म्हणायची. देवाने आपल्या लेकरांना रडायचे शब्दसुद्धा आपल्याच पुस्तकात लिहून दिले. ते मोठ्याने वाच, नवऱ्याजवळ बसून वाच. तो ऐकतो आहे असं वाटलं नाही तरी वाच.

तू विचारलंस, टिकणारा आनंद खरंच असतो का.

येशू धरला गेला त्या रात्री शिष्यांना काय म्हणाला ते मला नर्स म्हणून फार जवळचं आहे. तो म्हणाला, बाळंतपणाच्या वेळी बाईला दुःख होतं कारण तिची घटका आलेली असते, पण बाळ जन्मलं की जगात माणूस आलं या आनंदापुढे तिला ते क्लेश आठवत नाहीत. तसंच तुम्हाला आता दुःख आहे, पण मी तुम्हाला पुन्हा भेटेन, आणि तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही.

मी हजारावर बाळंतपणं केली असतील. 1979 साली लागले तेव्हा गावात रात्री लाइट नसायची. कंदील, बंडी, आणि दाईचा हात. एक बाळंतपण सांगते. श्रावणातली रात्र, नाल्याला पूर, बाई पहिलटकरीण, सकाळपासून अडलेली. पहाटे ती मला म्हणाली, “नर्सबाई, मले सोडून दे, मी मरतो.” मी तिच्या कमरेवर हात दाबून धरला होता. माझ्या दंडावर तिच्या नखांचे व्रण उठले. अर्ध्या तासाने पोरगी झाली, रडली, आणि त्या बाईने एवढ्या थकव्यात मान वळवून विचारलं, “कोणावर गेली वं?” कळा कुठे संपल्या आणि हसू कुठे सुरू झालं, ते मला सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं, की कळा बाजूला सारून कुठून तरी वेगळा आनंद आणून बसवला नव्हता. ज्याच्यासाठी कळा होत्या, तेच पदरात आलं होतं. येशूने दाखला निवडला तो हा. तो सुगीचा निवडू शकला असता, लग्नाचा निवडू शकला असता. त्या रात्री, स्वतः क्रूसाकडे जाताना, त्याने अडलेली बाई निवडली.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तरी 2017 साली मी कोरडी पडले. तेही सांगते, कारण तुझं पत्र वाचताना मला तेच दिवस आठवले.

माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, मी त्याला कडेवर वाढवलं. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. तू पाहिली असशील, वर हात करून फवारायचं आणि औषध तोंडावर पडायचं. त्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यात तो एक. घरी आला तेव्हा घाम, तोंडाला फेस, आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. त्या पाहताच मला कळलं होतं. नऊ रात्री मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून प्रार्थना केली. दहाव्या दिवशी गेला. वय 44. मागे बायको आणि सात वर्षांची पोरगी.

मातीनंतर एका सभेत एक प्रचारक म्हणाले की प्रार्थना विश्वासाने झाली असती तर तो वाचला असता. मी उठून बाहेर आले. त्यानंतर उपासनेला जायची, पण गाणं तोंडातून निघायचं नाही. पुस्तक उघडून धरायची नुसतं.

आमच्या मंडळीत एक म्हातारी होती. वाचता येत नव्हतं, रोजमजुरीवर जगलेली. ती एक दिवस दिवेलागणीला आली आणि ओसरीवर बसली. म्हणाली, “मले काई सांगता येत नाही बाई. तू रड. मी बसतो.” आणि खरंच बसली. दुसऱ्या दिवशीही आली. कधी तुरीच्या शेंगा सोलायची, कधी माझ्या टोंगळ्याला तेल लावायची, कधी नुसती. सव्वातीन महिने, एक दिवस चुकली नाही. देव आहे का, ऐकतो का, हे त्या दिवसांत मी कोणाला विचारलं नाही. दिवेलागणीला दारात तिच्या चपला वाजायच्या, एवढं मला पुरत होतं.

मग कापणीचा सण आला. आमच्याकडे उपासना झाली की लोकांनी वेदीपुढे आणलेलं पीक लिलावात काढतात: तूर, हरभरा, भोपळे, एखादी कोंबडी. त्या साली फवारणीनंतर बोंडअळी आली, भावाच्या वावरात निम्मी बोंडं किडलेली. वहिनी आणि मी मिळून शेवटची वेचणी केली होती. निम्मा कवडी कापूस. तोच गाठोड्यात बांधून नेला. तो पेरला भावाने होता.

लिलावात गाठोडं पुढे आलं आणि सगळे गप्प. कोणाचं आहे ते सर्वांना ठाऊक. तेवढ्यात मागून म्हातारी ओरडली, “पन्नास!” कोणी तिच्यावर बोली वाढवेना. पुकारणारा पोरगा म्हणाला, “पन्नास एक वार...” तर ही म्हणते, “साठ!” तो म्हणाला, “आजी, पन्नास तुमचेच हायेत, तुम्हीच कशाले वाढवता?” म्हातारी उठून उभी राहिली. “मंग? माह्या बोलीवर म्या वाढवलं तं तुह्यं काय जाते? सत्तर!” अशी ती एकटी एकशे दहापर्यंत गेली. पदराच्या गाठीत तेवढेच होते. गाठ सोडून मोजून दिले तेव्हा लक्षात आलं.

अख्खी मंडळी हसत होती. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती, पोरगी टाळ्या वाजवत होती. आणि मी हसत होते. माझंच हसू माझ्या कानावर आलं तेव्हा मी दचकले. भावाला मी त्या क्षणी विसरले नव्हते. उलट त्या क्षणी तो मला जितका जवळ वाटला तितका दवाखान्यातही वाटला नव्हता. मी त्याला पुन्हा पाहणार आहे हे मी लहानपणापासून कबूल करत आले होते, देहाचं पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन, दर रविवारी. त्या दिवशी ते मला आतून ठाऊक झालं. म्हातारीने तो कापूस घरी नेला, हाताने सरकी काढली आणि भाचीसाठी उशी शिवून आणली. ती म्हातारी 2021 ला गेली. उशी आहे.

म्हणून पोरी, तुझा आनंद कुणी नेला, याचं माझं उत्तर असं आहे. कुणी नेला नाही. तो तुझ्या छातीत ठेवलेला असता तर या सालच्या पावसात सोयाबीनबरोबर गेला असता. माझा माझ्याजवळ असता तर त्या नऊ रात्रींत संपला असता. तो येशूजवळ आहे, आणि येशू मेलेल्यांतून उठलेला आहे, पुन्हा मरायचा नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीया कबरेपाशी रडत उभी होती. जगातली सगळ्यात मोठी आनंदाची बातमी तिच्या पुढ्यात उभी, आणि तिला डोळ्यांतल्या पाण्याने ओळखू येईना. त्याने तिला आधी विचारलं, बाई, तू का रडतेस? मग नावाने हाक मारली. तिला ओळखू येत नव्हतं, म्हणून तो तिथे नव्हता असं नाही.

हबक्कूक संदेष्ट्याचा शेवट वाच, तिसऱ्या अध्यायातली शेवटची तीन वचनं. अंजिराला फूल नाही, द्राक्षाला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. आपल्या तलाठ्याचा पंचनामाच जणू. आणि त्यानंतर एक शब्द: तरी. तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. पीक येईल असं तो म्हणत नाही. ‘दशांश द्या, एकरी उतारा दुप्पट होईल’ असं सांगणारे हल्ली गावोगाव फिरतात. त्यांनी हे पान वाचलेलं नसतं. आणि हाच हबक्कूक पहिल्या अध्यायात देवाला म्हणतो, मी किती वेळ ओरडू, तू ऐकत नाहीस. ओरडण्यापासून ‘तरी’पर्यंत यायला त्याला सबंध पुस्तक लागलं. तुला एका सभेत यायला कोण सांगतं?

गाणं आलं नाही तर म्हणू नको. पण सभेला जा, आणि हसू आणू नको. रडू आलं तर तिथेच रड. तुझं पाहून आणखी एखादी रडेल, तिच्याजवळ बस. बचत गटाच्या हप्त्याचं मी तुमच्या पाळकसाहेबांशी बोलले आहे. मंडळीतल्या दोन भावांनी सोसायटीत आणि बँकेत सोबत यायचं कबूल केलं आहे. पीकविम्याची पावती शोधून ठेव.

मी हा अंक निघेल त्या आठवड्यात येते आहे. मंगळवारी सकाळची कारंजा गाडी. जेवायला काही विशेष करू नको, ज्वारीची भाकर आणि ठेचा पुरे. नवऱ्याला सांग, मावशीला तुमचे बैल पाहायचे आहेत, आणि दाखवायला त्यानेच यायचं.